गोव्यात भाड्याचं घर परवडायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा, कुडचडे किंवा एखाद्या औद्योगिक वसाहतीजवळच्या गावात एक-दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या, महिन्याची मिळकत मोजून खर्चणाऱ्या कुटुंबांसाठी ही माहिती आहे.

घरभाडं भरायला गोव्यात सरकार दरमहा पैसे देतं का?

नाही. भाडेकरूच्या खात्यात दर महिन्याला भाड्याची रक्कम जमा करणारी सर्वसाधारण योजना गोव्यात नाही. कोणी ‘भाडे अनुदानाचा फॉर्म’ भरून देतो म्हणून पाचशे-हजार मागत असेल, तर देऊ नका. जी मदत मिळते ती आडवाटेने. काही योजनांतून रोख रक्कम येते, रेशन आणि औषधपाण्याचा खर्च कमी होतो, आणि स्वतःचं घर बांधायला किंवा घ्यायला अनुदान मिळतं. याशिवाय भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, पण ते वापरायचं तर हातात कागद लागतात. पुढची बरीच उत्तरं त्या कागदांभोवतीच फिरतात.

‘गृह आधार’ ही घरासाठीची योजना नाही का?

नावावरून खूप जण फसतात. गृह आधार ही घर सांभाळणाऱ्या बाईसाठीची योजना आहे, तिचा घराच्या मालकीशी किंवा भाड्याशी संबंध नाही. महिन्याला ₹1,500 मिळतात. अट अशी, की गोव्यात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं आणि पती-पत्नीचं मिळून वार्षिक उत्पन्न ₹3 लाखांपेक्षा जास्त नसावं. भाड्याच्या घरात राहणारी बाईही अर्ज करू शकते, हे पुष्कळांना माहीतच नसतं. घरात ज्येष्ठ नागरिक असतील तर त्यांच्यासाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तीत महिन्याला ₹2,000 मिळतात आणि उत्पन्नाची व वास्तव्याची अट तिलाही आहे. सासू आणि सून अशा दोघींना दोन योजनांतून पैसे येत असतील, तर लहानशा खोलीच्या भाड्याचा मोठा भाग तिथेच निघतो.

15 वर्षांचं वास्तव्य दाखवायचं कसं? आम्ही तर दर वर्षाला खोली बदलतो.

भाडेकरूंचे अर्ज सर्वांत जास्त इथेच अडकतात. वास्तव्याचा आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळतो, अर्ज ‘गोवा ऑनलाइन’ पोर्टलवरूनही करता येतो. अर्ज तपासणारा माणूस सलग साखळी शोधतो. ज्याचं स्वतःचं घर आहे त्याच्याकडे घर नंबर, घरपट्टी, वीजबिल सगळं एकाच पत्त्यावरचं असतं. भाडेकरूकडे पाच पत्ते आणि मधल्या चार वर्षांचं काहीच नाही, अशी गत होते.

साखळी जोडण्यासाठी मुलांचे शाळेचे दाखले आणि बोनाफाईड, मतदारयादीतल्या नावाच्या प्रती, रेशनकार्ड, जुने भाडेकरार, बँक पासबुकची पहिली पानं, लसीकरणाचं कार्ड अशा गोष्टी वर्षांच्या क्रमाने लावा. एका कागदावर ‘2011 ते 2014 थिवी, 2014 ते 2019 करासवाडा’ असा तक्ता करून प्रत्येक काळासमोर कोणता पुरावा आहे ते लिहा. कुठे भोक आहे ते लगेच दिसतं, आणि त्या काळातल्या पंचाकडून किंवा शाळेकडून काय मिळवायचं तेही कळतं. म्हणूनच खोली सोडताना जुना करार फाडून टाकू नका. संपलेला करारही दहा वर्षांनी उपयोगी पडतो.

नावाचं स्पेलिंगही नीट पाहून घ्या. आधारवर एक, बँकेत दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं असेल, तर अर्ज मंजूर होऊनही पैसे खात्यात पडत नाहीत. शिवाय आधार बँकेला ‘जोडलेलं’ असणं वेगळं आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी तेच खातं आधारशी सांधलेलं असणं वेगळं. बँकेत जाऊन ‘या खात्याला डीबीटी चालू आहे का’ असं स्पष्ट शब्दांत विचारा.

पगाराच्या किती टक्के भाडं परवडतं?

उत्पन्नाच्या 30 टक्क्यांपर्यंत भाडं, असा ठोकताळा सगळीकडे सांगतात. चाळीस-पन्नास हजार कमावणाऱ्याला तो ठीक आहे. पंधरा-वीस हजारांत चार माणसं जगवणाऱ्या घराला तो फसवतो, कारण तांदूळ, गॅस आणि बसभाडं यांचे दर उत्पन्न बघून ठरत नाहीत. आमचा सल्ला उलटा हिशेब करण्याचा आहे. आधी न टळणारे खर्च वजा करा. जे उरेल त्यातून आजारपणासाठी थोडं बाजूला काढा. त्यानंतर राहिलेली रक्कम म्हणजे तुमच्या भाड्याची कमाल मर्यादा, मग ती 30 टक्के भरो की 22.

दुसरी चूक भाडं एकटंच बघण्याची. समजा, नवरा-बायको दोघंही म्हापशात कामाला जातात. म्हापशातली खोली ₹8,000 आणि दूरच्या गावातली ₹6,000. दोन हजार वाचतात असं वाटतं. आता बसचा हिशेब करू. एका माणसाला जाऊन-येऊन ₹50 धरले तर दोघांचे दिवसाला ₹100, आणि महिन्याचे 26 दिवस म्हणजे ₹2,600. स्वस्त खोली ₹600 ने महाग पडली! वर संध्याकाळची शेवटची बस चुकली तर पायलटला (मोटारसायकल टॅक्सीवाल्याला) पैसे. दूरची खोली घ्यायचीच असेल तर आधी कदंबच्या मासिक पासची चौकशी करा, त्या मार्गावर तो चालतो का आणि कितीला पडतो हे बघा, आणि पास धरून हिशेब पुन्हा मांडा.

खोली बघायला जाल तेव्हा भाड्याखेरीज आणखी चार आकडे विचारा: लाईटचं युनिट कितीला, पाणी भाड्यात धरलंय की वेगळं, कचरा किंवा सोसायटीचे पैसे आहेत का, आणि उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही तेव्हा टँकरचे पैसे कोण देतं. हा शेवटचा प्रश्न एप्रिल-मे मध्ये फार महाग पडतो.

घरमालक लाईटचं युनिट सरकारी दरापेक्षा जास्त लावतो. हे बरोबर आहे का?

आधी हे का घडतं ते समजून घ्या. घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिले 100 युनिट सर्वांत स्वस्त आणि पुढचा प्रत्येक टप्पा महाग. एका चाळवजा घरात चार खोल्या एकाच मीटरवर असतील आणि प्रत्येक खोली महिन्याला 90 युनिट जाळत असेल, तर स्वतंत्र मीटरवर प्रत्येक जण पहिल्याच टप्प्यात राहिला असता. एकत्र मीटरवर मात्र 360 युनिट होतात आणि वरचे युनिट महागड्या टप्प्यांत जातात. म्हणजे काही वेळा मालक खरोखर जास्त भरत असतो. पण काही ठिकाणी तो त्याहूनही वर दोन-तीन रुपये लावून कमाई करतो.

दोन्हींतला फरक मूळ बिल पाहिल्याशिवाय कळत नाही. वीज खात्याच्या बिलाचा फोटो मागा, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागा. येईल तो खरा सरासरी दर. तोच दर तुमच्या सबमीटरच्या युनिटांना लावा, असा आग्रह धरा आणि करारात तसं एक वाक्य घाला: ‘विजेचा आकार त्या महिन्याच्या मूळ बिलाच्या सरासरी दराने.’ सबमीटरचा आकडा खोलीत शिरण्याच्या दिवशी दोघांच्या समोर लिहून घ्या, फोटो काढा. आधीच्या भाडेकरूचे युनिट नव्याच्या डोक्यावर बसणं ही नेहमीची गोष्ट आहे. जास्त वर्षं राहायचं असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र घेऊन स्वतंत्र मीटरसाठी अर्ज करा. एकदाचा खर्च येतो, पण दर महिन्याची कटकट मिटते.

डिपॉझिट किती द्यायचं?

केंद्राने 2021 मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच डिपॉझिट, अशी मर्यादा त्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणावर बंधनकारक होत नाही, आणि गोव्यात आजही आधार 1968 च्या भाडेनियंत्रण कायद्याचा घ्यावा लागतो. तरी ‘केंद्राच्या मसुद्यात दोन महिने आहे’ हे बोलाचालीत वापरायला चांगलं आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त मागणाऱ्याला हप्त्यांत घ्यायला सांगा. रक्कम रोख दिली तर करारातच तिचा उल्लेख हवा.

अकरा महिन्यांचाच करार का करतात? नोंदणी लागते का?

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी, नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. ती टाळायला अकरा महिने. शेजारच्या महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स (जागा फक्त वापरायची परवानगी देणाऱ्या) कराराची नोंदणी मुदत कितीही असली तरी करावी लागते. तो तिथला कायदा आहे, तो गोव्याला लागू नाही. सिंधुदुर्गातून आलेल्या कुटुंबांचा इथे गोंधळ होतो.

करार साध्या कागदावर नको, मुद्रांकावर हवा. मुद्रांक नसलेला करार वेळ आल्यावर न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, आधी शुल्क आणि दंड भरावा लागतो. मूळ प्रत मालक ठेवतो, तुम्ही दोन्ही बाजूंच्या सह्यांची एक प्रत घ्याच. करारात घराचा पंचायतीचा किंवा पालिकेचा घर नंबर, भाडं, भाड्याची तारीख, वाढ किती व केव्हा, डिपॉझिट आणि सोडण्याची नोटीस या सहा गोष्टी आहेत का बघा. वाढीचं वाक्य कोरं सोडलं की अकराव्या महिन्यात वाटेल तो आकडा समोर येतो.

गोव्यातली एक खास अडचण. पुष्कळ जुनी घरं भावंडांत अविभाजित असतात, आणि इथल्या नागरी कायद्यात नवरा-बायकोचीही मालमत्ता सामाईक असते. एका भावाने खोली दिली, दुसरा सुट्टीत मुंबईहून किंवा आखातातून आला आणि ‘मी दिलीच नाही’ म्हणाला, असं होतं. म्हणून करारावर मालक पती-पत्नी दोघांच्या सह्या घ्या, आणि घर सामाईक असेल तर भाडं कोणाच्या खात्यात जायचं ते लिहून घ्या.

करारावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ लिहिलं म्हणजे भाडेकरूचे हक्क आपोआप संपले असं नाही. ताबा खरोखर कोणाकडे होता, किल्ली कोणाकडे होती, हे न्यायालय बघतं. पण तो वाद वर्षानुवर्षं चालू शकतो, त्याच्या भरवशावर खोली घेऊ नका.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद कोणी करायची?

मालकाने. तुम्ही फोटो आणि ओळखपत्राची प्रत द्या, आणि नोंद झाल्याची पोच मागून ठेवा. हा तुमच्याही वास्तव्याचा पुरावा आहे.

मालक पावती देत नाही. काय करू?

यूपीआयने किंवा बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात ‘जून भाडे, खोली नं. 3’ असं लिहा. रोखच हवं असेल तर शंभर पानी वही घ्या, दर महिन्याला तारीख-रक्कम लिहून सही घ्या. ₹5,000 च्या वर रोख पावती असेल तर ₹1 चं महसूल तिकीट लावतात. काही मालक उत्पन्न दिसेल म्हणून सही टाळतात. अशा वेळी भाडं दिल्यावर लगेच व्हॉट्सॲपवर ‘आज ₹6,500 दिले, मिळाले ना?’ असा निरोप पाठवा. ‘होय’ आलं तरी पुरे.

दोन महिन्यांचं भाडं थकलंय. मालक उद्या बाहेर काढू शकतो का?

नाही. 1968 च्या गोव्याच्या भाडेनियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला थकबाकीसाठी काढायचं, तर तीन महिन्यांचं भाडं थकलेलं हवं. मालकाने रजिस्टर नोटीस पाठवायची, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूने रक्कम भरली नाही, तरच हे कारण उभं राहतं. त्यानंतरही निर्णय भाडे नियंत्रकाचा (असे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा), मालकाचा नव्हे.

इथे लोक दोन घोडचुका करतात. पहिली, नोटीस नाकारणं. पोस्टमनला ‘घरी नाहीत’ सांगून पाकीट परत पाठवलं तरी नकाराच्या दिवसापासून तीस दिवस मोजले जातात. पाकीट घ्या, तारीख लिहा, आणि त्या तीस दिवसांत थकबाकी बँकेतून भरा. दुसरी चूक, केस सुरू झाली म्हणून भाडं थांबवणं. केस चालू असताना भाडं भरत राहणं बंधनकारक आहे. ते थांबलं तर तुमची बाजू ऐकली न जाताच खोली रिकामी करण्याचा आदेश होऊ शकतो. बाजू कितीही खरी असली तरी इथे घरं जातात.

थकबाकी वाढण्याआधी मालकाशी बोला, आणि ठरलेलं लिहून घ्या: दर महिन्याचं भाडं अधिक मागचे ₹1,500, असे इतके महिने. आजारपणामुळे थकलं असेल तर दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आहे का ते बघा. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला ₹2.5 लाखांचं आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ₹4 लाखांचं कवच त्यात असतं. कार्डाचं नूतनीकरण राहून गेलं आणि शस्त्रक्रियेसाठी भाड्याचे पैसे गेले, अशी वेळ कोणावर येऊ नये.

मालक भाडं घ्यायलाच तयार नाही.

सावध व्हा. मुद्दाम थकबाकी करवण्याचा हा जुना डाव आहे. त्याच महिन्यात बँकेतून रक्कम पाठवा. खात्याचा नंबर नसेल तर ‘भाडं द्यायला आलो होतो, स्वीकारावं’ असं पत्र पोचपावतीसह टपालाने पाठवा, आणि भाडे नियंत्रकाकडे भाडं जमा करण्यासाठी अर्ज करा. उपजिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी केली की तुमच्या तालुक्यासाठी कोण ते कळतं.

पाणी तोडलं, दाराला दुसरं कुलूप लावलं. आता?

तिथल्या तिथे फोटो आणि व्हिडिओ काढा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि शिक्क्याची प्रत घ्या. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा काढून घेतला असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली ताबा परत मागण्याचा दावा करता येतो. त्याला मुदत आहे सहा महिने. घटनेच्या दिवसापासून. ‘बघू, बोलू’ करत सातवा महिना उजाडला की हा दरवाजा बंद.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, दिव्यांगाला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अटच नाही. राष्ट्रीय मदतवाहिनी 15100. घरात अर्ज कोणी करायचा असा प्रश्न असेल तर बाईच्या नावे करा.

किनारपट्टीत सीझन आला की खोली खाली करायला सांगतात.

कळंगुट, कांदोळी, हणजूण, हरमल, पाळोळे या भागांत करार मुद्दाम सप्टेंबर-ऑक्टोबरात संपेल असा करतात, म्हणजे पुढे तीच खोली पर्यटकांना दिवसाच्या दराने देता येते. करार करताना संपण्याची तारीख बघा. जूनमध्ये घेतलेल्या खोलीसाठी अकरा महिने मागा, चार नव्हे. चारच मिळत असतील तर भाडं त्या मानाने कमी हवं, आणि पुढची खोली ऑगस्टपासूनच शोधा. मुलं शाळेत असतील तर किनाऱ्यापासून आतल्या गावात घेतलेली खोली वर्षभराच्या हिशेबात बहुधा स्वस्त पडते.

आजोबांपासून भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत राहतो, भाडं देत नाही. आम्ही भाडेकरू की मुंडकार?

भाटकाराच्या संमतीने त्याच्या जागेत कायम वस्ती करून राहणाऱ्याला 1975 चा मुंडकार संरक्षण कायदा लागू होऊ शकतो. पण घरासाठी भाडं देणारा मुंडकार ठरत नाही. म्हणून कोणी ‘फक्त शंभर रुपये भाडं म्हणून द्या, पावती देतो’ म्हणत असेल, तर सही करण्याआधी मामलेदार कार्यालयात किंवा मोफत वकिलाकडे जा. ती एक पावती तीन पिढ्यांचा हक्क अडचणीत आणू शकते.

भाड्यातून सुटून स्वतःचं घर करायला मदत मिळते का?

मिळते. पालिका क्षेत्रात प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी आहे. देशात कुठेही कुटुंबाच्या नावे पक्कं घर नसावं, ही मुख्य अट. गावाकडे, मग ते कारवारला असो की सावंतवाडीला, तुमच्या नावे पक्कं घर असेल तर अर्ज बाद होतो. वार्षिक उत्पन्न ₹3 लाखांपर्यंत असलेलं कुटुंब अत्यल्प गटात, ₹6 लाखांपर्यंतचं अल्प गटात आणि ₹9 लाखांपर्यंतचं मध्यम गटात येतं.

स्वतःची जागा असेल तर बांधकामाला अनुदान आहे. केंद्राचा वाटा ₹1.5 लाख. जागा नसेल आणि कर्ज काढून घर घ्यायचं असेल तर व्याज अनुदान आहे: ₹35 लाखांपर्यंतचं घर, ₹25 लाखांपर्यंतचं कर्ज, त्यातल्या पहिल्या ₹8 लाखांवर 4 टक्के, जास्तीत जास्त ₹1.80 लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे सुरुवातीचे पैसे तुम्हालाच उभे करायचे आहेत. गोव्यातले घरांचे भाव बघता हे प्रत्येकाच्या आवाक्यातलं नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. घरकाम किंवा गाडा चालवणाऱ्यांना बँक पगाराची स्लिप मागते तेव्हा तिथेच गाडी अडते. रोजची विक्री यूपीआयवर घ्या आणि निदान वर्षभर खात्यात व्यवहार दिसू द्या. कर्जासाठी तोच तुमचा पगाराचा कागद.

पंचायत क्षेत्रात आवास योजनेचा ग्रामीण भाग चालतो. सपाट प्रदेशाला ₹1.20 लाख. नाव यादीत लागतं आणि यादी ग्रामसभेसमोर येते, तेव्हा त्या ग्रामसभेला हजर राहा. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांसाठी आदिवासी कल्याण खात्याची अटल आसरा योजना आहे, घराच्या दुरुस्तीसाठीही. 2025 मधली ‘म्हजें घर’ योजना मात्र घर बांधून राहणाऱ्यांसाठी आहे, त्या घरातल्या भाडेकरूला तिचा हक्क मिळत नाही.

परराज्यातून कामाला आलोय, गोव्याचा दाखला नाही. आम्हाला काहीच नाही?

आहे. गावचं रेशनकार्ड असेल तर ‘एक देश एक रेशनकार्ड’ खाली गोव्यातल्या रास्त धान्य दुकानावर अंगठा लावून धान्य घेता येतं, आणि घरातले बाकीचे आपला वाटा गावीच घेऊ शकतात. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो, मोफत. चार माणसांचं 20 किलो धान्य म्हणजे भाड्यात तेवढी सवलतच. गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो महाग पडतो, पण काळ्याबाजाराच्या सिलिंडरपेक्षा सुरक्षित.

बांधकाम मजुरांना साइटवर किंवा जवळ मोफत तात्पुरती राहण्याची सोय देण्याचं बंधन 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने काम देणाऱ्या मालकावर घातलं. ठेकेदार पत्र्याच्या खोलीचं भाडं पगारातून कापत असेल तर कामगार आयुक्तालयात तक्रार करा.

खोली सोडताना डिपॉझिट बुडू नये म्हणून काय करायचं?

शिरतानाच सुरुवात करा. पहिल्या दिवशी भिंतीची ओल, फुटलेली फरशी, गळका नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. गोव्याच्या पावसात भिंत काळी पडतेच, तिच्या रंगाचे पैसे तुमच्याकडून कापायचे कारण नाही. सोडण्याची नोटीस करारात असेल तेवढे दिवस आधी, लेखी द्या. शेवटच्या महिन्याचं भाडं ‘डिपॉझिटमधून धरा’ असं म्हणणं सोपं वाटतं, पण त्याने थकबाकी दिसते. त्याऐवजी सोडण्याच्या दोन दिवस आधी मालकाला बोलवा, मीटरचा आकडा दोघांनी वाचा, बिलाचे पैसे तिथेच वळते करा आणि किल्ली हातात देताना उरलेली रक्कम खात्यात आली का ते बघून घ्या.